‘हा काही फाळक्यांसारखा दिसत नाही’

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला होता, दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला, त्याची गोष्ट सांगणारा. भाचरं, शेजारचं एक जोडपं आणि सगळ्यांच्या पुढे खुर्ची ओढून बसलेली आमची आत्या. वय ७८, नजर अजून शाबूत. पंधराएक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘अरे, हा काही फाळक्यांसारखा दिसत नाही. आणि आपलं बडोदं कुठंय यात?’’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. चरित्रपट बघायला बसलं की बहुतेकांच्या मनात हेच असतं. माणूस तसाच दिसतो का, आणि सगळं दाखवलंय का. तिला उत्तर देता देता रात्रीचे साडेअकरा वाजले, तरी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो आहे. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. चेहरा, उजेड आणि लेन्स यांच्या गप्पा ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

आधी बडोद्याचं. आत्याचा हक्क खरा आहे. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांचं कलाभवन १८९० मध्ये सुरू झालं. तिथे त्यांनी तेलरंगातली चित्रं, छायाचित्रण, वास्तुकला असं हाताला लागेल ते शिकून घेतलं. कलाभवनाची इमारत आजही उभी आहे, आता तिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगात बायको आणि मूल गेलं, ते गाव सुटलं. राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, तो सोडला, मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले.

यातलं जवळजवळ काहीच परेश मोकाशींच्या सिनेमात नाही. तो सुरू होतो तोच १९११ च्या मुंबईत. फाळके ७३ वर्षं जगले, आणि सिनेमा दीड-पावणेदोन तासांचा. सगळं आयुष्य भरायचं म्हटलं तर वर्षाला दीड मिनिटसुद्धा येत नाही. जन्म, मुंज, लग्न, नोकरी, सत्कार, मृत्यू अशी माळ ओवत गेलेले चरित्रपट आपण पाहिलेत, आणि त्यातला माणूस घरी येईपर्यंत डोळ्यांपुढून पुसून गेलेला असतो. म्हणून जाणता दिग्दर्शक आयुष्याचा असा तुकडा निवडतो, ज्यात त्या माणसाचा अख्खा स्वभाव कामाला लागलेला असतो. फाळक्यांच्या बाबतीत तो तुकडा म्हणजे पहिल्यांदा हलती चित्रं पाहिल्यापासून ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे येईपर्यंतचा. मे १९१३ मध्ये तो सिनेमा लागला. दोन-अडीच वर्षांचा काळ, आणि त्यात कर्ज, लंडनची वारी, काही दिवस गेलेली दृष्टी, घरातलं सामान विकणं, सगळं आलं.

मी आत्याला म्हटलं, ‘‘बडोदं दिसत नाही, पण ते त्या माणसाच्या हातात आहे.’’ वाटाण्याचं रोप कुंडीत लावून, रोज थोडं थोडं चित्रित करून, ते भराभर वाढताना दाखवायचं, हे ज्याला सुचतं त्याचे हात आधी कुठेतरी तयार झालेले असतात. नटानं यंत्राला हात लावताना ती सवय दाखवली की मागची वीस वर्षं वेगळी दाखवावी लागत नाहीत. आणि इथेच तिचा पहिला प्रश्न येतो.

फाळके म्हटल्यावर आपल्याला आठवतो तो फोटो उतारवयातला. हातात फिल्मची पट्टी, ती निरखून बघणारा गंभीर चेहरा. सिनेमातले फाळके चाळिशीतले आहेत. म्हणजे आत्या एका माणसाच्या तरुणपणाची तुलना त्याच्या म्हातारपणाशी करत होती. पण एवढंच नाही. फोटोतला चेहरा हा मुळात त्या माणसाचा रोजचा चेहरा नसतोच.

हे मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की खांदे वर जायचे, ओठ मिटायचे, डोळे मोठे व्हायचे. वडील म्हणायचे, ‘‘हं, हनुवटी जरा खाली.’’ खट्ट आवाज व्हायचा. ‘‘झालं!’’ गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकायचं, रुमालानं कपाळ पुसायचं, बरोबर आलेल्या बायकोकडे बघून हसायचं, आणि वडील त्याच क्षणी दुसरा फोटो काढायचे. पहिला नुसता आवाज असायचा, फिल्म फुकट घालवलेली नसायची. त्या दुसऱ्या फोटोत बायकोला आपला नवरा दिसायचा.

कास्टिंग म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, तो दुसरा चेहरा शोधणं. नाक, कपाळ, रंग यांची जुळणी मेकअपवाले बऱ्यापैकी करून देतात. मिशी चिकटवता येते, टक्कल घालता येतं. पण उत्साह चिकटवता येत नाही. नंदू माधव यांनी केलेले फाळके बघा. हा माणूस चालतो तेव्हा त्याचं डोकं पायांच्या जरा पुढे गेलेलं असतं. संकट सांगतानाही डोळ्यांत जादूगाराची गंमत असते, आता टोपीतून काय निघणार अशी. घरातलं कपाट विकायला काढणारा नवरा एरवी आपल्याला संतापजनक वाटला असता. इथे आपण त्याच्या बाजूचे होतो, कारण त्याच्या वेडात कुणाला फसवणं नाही हे चेहऱ्यावरून कळतं. नंदू माधव हे नाव सिनेमाच्या पोस्टरवर गर्दी खेचणारं नव्हतं, याचा फायदाच झाला. प्रेक्षकाच्या डोक्यात त्यांची आधीची दहा पात्रं येऊन बसलेली नव्हती.

आणि कास्टिंग एकट्या नायकाचं कधीच नसतं. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई काढून टाका, मग काय उरतं ते बघा. प्रत्यक्षातल्या सरस्वतीबाईंनी कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, आणि त्याच बाईंनी अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली, कारण तेव्हा फिल्म भोकं न पाडलेली यायची. या भूमिकेला सोशिक, पदर डोळ्यांना लावणारी बाई निवडली असती तर सिनेमा एका लहरी माणसाच्या बायकोची करुण कहाणी झाला असता. इथे निवडलेली बाई प्रश्न विचारते, हसते, हिशेब मागते आणि मग कामाला लागते. त्यामुळे सिनेमा दोघांचा होतो. पटकथेतलं एक अक्षर न बदलता, नुसती बाई बदलून केवढा फरक पडतो!

याच सिनेमात कास्टिंगच्या आत आणखी एक कास्टिंग आहे. फाळक्यांना तारामती मिळेना. कुठलीच बाई पडद्यावर यायला तयार नव्हती. शेवटी हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी, हा तेव्हाच्या नटांचा मोठा पेच होता. आज आपण ते बघून हसतो, पण फाळके स्वतः कास्टिंग कसं करत होते ते यात कळतं. साळुंक्यांचा चेहरा बाईचा नव्हता. हातांची ठेवण नाजूक होती, फाळक्यांची नजर तिथे गेली. रोहिदासाच्या भूमिकेला त्यांनी स्वतःचा मुलगा घेतला.

आता जरा वेगळी उदाहरणं, कारण सगळ्यांच्या बाबतीत एकच नियम चालत नाही.

ज्या माणसाचा फोटोच नाही त्याचं काय करायचं? तुकाराम महाराज कसे दिसत होते हे कुणीच पाहिलेलं नाही. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला, तेव्हा दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी विष्णुपंत पागनीस यांना घेतलं. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. आवाजात, मानेच्या वळणात एक मार्दव होतं. साधू म्हणजे भारदस्त, दाढीवाला, गंभीर अशी तेव्हाची पडद्यावरची पद्धत. पागनीसांचे तुकोबा मात्र दुकानदारीत न रमणारे, बायकोपुढे गप्प होणारे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या सिनेमाचा गौरव झाला. आणि आज कित्येक घरांत देव्हाऱ्याशेजारी जी तुकोबांची तसबीर असते, तिच्यात पागनीस थोडे तरी डोकावतात. म्हणजे इथे उलटंच झालं, नटाच्या चेहऱ्यावरून संताचा चेहरा ठरला.

ज्याचा आवाज घराघरात आहे त्याचं आणखी वेगळं. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आपल्याकडे आजही ऐकल्या जातात. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे यांनी देह दिला आणि आनंद भाटे यांनी गळा. भाट्यांना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा वेळी नटाला सगळ्यांत अवघड काय जातं, ठाऊक आहे? ओठ हलवणं सोपं असतं, श्वास जुळवणं कठीण. गाणारा माणूस तान घेण्याआधी कुठे दम भरतो, छाती कधी वर येते, मानेची शीर कधी ताठते, हे जुळलं नाही तर प्रेक्षकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. २०२२ मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’मध्ये हा सांधाच नाही. वसंतराव देशपांड्यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली, गायलेही तेच. रक्ताचं नातं हा योगायोगाचा भाग. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे गाणं बाहेरून आणून बसवल्यासारखं वाटत नाही. एकच छाती, एकच दम.

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये मामुट्टी आहेत. मल्याळम सिनेमाचा एवढा मोठा नट, पण मराठी प्रेक्षकाच्या मनात त्यांची ठरलेली प्रतिमा नव्हती. मूळ सिनेमा इंग्रजीत, त्यामुळे भाषेचीही अडचण आली नाही. आपल्याकडचा एखादा लाडका नायक त्या जागी असता तर प्रेक्षक आधी त्याच्या मागच्या सिनेमातली प्रेमगीतं विसरण्यात अर्धा तास घालवता. मामुट्टींना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांची चाल आणि खांद्यांचा ताठपणा बघत राहावा असा आहे.

इथपर्यंत आत्याला पटलं. मग मी तिला म्हटलं, आता कॅमेऱ्याकडे बघ. ती म्हणाली, ‘‘कॅमेरा कुठे दिसतो सिनेमात?’’

दिसत नाही, पण तो कुठे उभा आहे ते कळतं. हे समजावायला मी तिचेच दोन फोटो काढले. पहिला मोबाइल तिच्या चेहऱ्यापासून एक फुटावर धरून. दुसरा दहा फूट मागे जाऊन, झूम करून, चेहरा तेवढाच मोठा येईल असा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि घरात एकच कालवा झाला. पहिल्यात नाक मोठं, कान मागे पळालेले, चेहरा फुग्यासारखा पुढे आलेला. दुसऱ्यात आत्या शांत, भारदस्त, एखाद्या संस्थेच्या अध्यक्ष असाव्यात तशी.

यात जादू नाही, नुसतं गणित आहे. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण बारा सेंटिमीटरचं अंतर असतं. मोबाइल ३० सेंटिमीटरवर असेल तर नाक ३० वर आणि कान ४२ वर, म्हणजे कान जवळजवळ दीडपट अंतरावर. त्यामुळे ते त्या मानानं बारीक दिसतात. मोबाइल तीन मीटरवर नेला की नाक ३०० वर, कान ३१२ वर. फरक नावापुरता. चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग टिपायचा ते ठरवते. सिनेमातला कॅमेरामन रोज हेच करत असतो. माणूस घाबरलाय, गोंधळलाय असं वाटायला हवं असेल तर रुंद लेन्स लावून अगदी तोंडाशी जातो. त्याच्याबद्दल आदर वाटायला हवा असेल तर लांब उभा राहून लांबूनच जवळ आणतो. प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त त्या माणसाबद्दल काहीतरी वाटतं.

उंचीचंही तसंच. कमाटीबागेच्या तोंडाशी आपला काळ्या घोड्याचा पुतळा आहे. त्यावरच्या सयाजीरावांकडे बघायचं तर मान वर करावी लागते. आकाश त्यांच्या मागे असतं, आणि आपण आपोआप प्रजा होतो. तेच महाराज एखाद्या तैलचित्रात आपल्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले असले की बोलावंसं वाटतं. कॅमेरा गुडघ्यापाशी ठेवून वर बघणारे चरित्रपट सतत काळा घोडा करत असतात. मला त्यांचा थोड्याच वेळात कंटाळा येतो. माणूस मोठा का झाला हे समजण्यापूर्वीच तो मोठा असल्याचं सांगून टाकतात.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ इथेच मला फार आवडतो. बऱ्याच प्रसंगांत कॅमेरा एका जागी, डोळ्यांच्या उंचीवर, थोडा लांब उभा असतो. नाटकाला आपण मधल्या रांगेत बसावं तसा. माणसं फ्रेममध्ये येतात, गडबड करतात, निघून जातात, फ्रेम हलत नाही. सुरुवातीला हे जुनाट वाटतं. मग लक्षात येतं की ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरणही असंच झालं होतं. तेव्हाचा कॅमेरा लाकडी पेटीसारखा, तिपाईवर ठेवलेला, एका हातानं हँडल फिरवायचं. तो फिरवत फिरवत कॅमेरा इकडेतिकडे नेणं सोपं नव्हतं. म्हणजे हा सिनेमा फाळक्यांची गोष्ट फाळक्यांच्याच पद्धतीनं सांगतो. त्यातून आणखी एक साधतं. क्लोजअपमध्ये दिग्दर्शक आपलं बोट धरून ‘इथे रडा’ म्हणतो. लांबच्या फ्रेममध्ये तो काही सांगत नाही. फाळक्यांवर एवढी संकटं येतात तरी सिनेमा रडका होत नाही, याचं बरंचसं श्रेय मी त्या न हलणाऱ्या फ्रेमला देतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’चं. १९८० चा कृष्णधवल सिनेमा, जेक लामोटा नावाच्या मुष्टियोद्ध्यावर. त्यात प्रत्येक लढतीचा आखाडा सारख्या मापाचा नाही. कधी तो ऐसपैस, कधी कोंदट, त्या वेळी जेकच्या मनाची जी अवस्था असेल तसा. आखाडा प्रत्यक्षात काही लहानमोठा होत नव्हता, पण मार खाणाऱ्याला तो होतच असणार. याच भूमिकेसाठी रॉबर्ट डी नीरोनं जवळजवळ २७ किलो वजन वाढवलं होतं. वाढलेलं वजन सगळे सांगतात, आखाड्याबद्दल कुणी बोलत नाही.

हे सगळं एकत्र कसं येतं ते मला आपल्याच गावातल्या एका प्रसंगावरून सांगायचं आहे. तो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. इथे मी कुठल्या सिनेमातलं दृश्य सांगत नाही. त्यांच्या शब्दांवरून दृश्य कसं उभं करता येईल, त्याचा विचार करतोय.

सप्टेंबर १९१७. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. महार माणसाला जागा द्यायला कुणी तयार नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव वहीत लिहून, वरच्या मजल्यावर ते राहिले. मजल्यावर दुसरं कुणी नाही. दिवे नाहीत. धर्मशाळेचा रखवालदार रात्री एक छोटा कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे, असं त्यांनी लिहिलंय. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून सांगून गेले. मित्रांकडे जागा मिळाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले. आईवडिलांची आठवण आली, लहान मुलाला यावी तशी. आठ वाजता उठून सामान आणायला धर्मशाळेत गेले. रखवालदार बाहेर आला. दोघांनाही एकमेकांशी एक शब्द बोलता आला नाही.

आता हे चित्रित करायचं आहे. पहिला प्रश्न कंदिलाचा. काही इंच उजेड, असं लिहिलंय, तर तेवढाच ठेवायचा. पुस्तकाचं पान आणि बोटं उजळलेली, चेहरा अर्धा अंधारात, बाकी काळोख. आपले कित्येक सिनेमे इथे खिडकीतून निळसर चांदणं सोडतात, म्हणजे नटाचा चेहरा नीट दिसावा. तसं केलं की खोली सुंदर दिसते, आणि ती खोली सुंदर दिसून चालणारच नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस आणि पानभर उजेड, एवढं एका फ्रेममध्ये दिसलं की संवाद लिहायची गरज नाही.

मग बाग. जवळ गेलो तर चेहऱ्यावरचं दुःख दिसेल, पण ते दुःख एका माणसाचं, खाजगी होईल. खूप लांब गेलो तर मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी कोट घातलेली एक छोटी आकृती, आणि आजूबाजूनं फिरायला आलेली बडोद्याची माणसं. कुणी त्याच्याकडे बघत नाही. अपमान कुणी केला ते या लांबच्या फ्रेममध्ये दिसतं, जवळच्या फ्रेममध्ये दिसत नाही. माझं मत विचाराल तर कॅमेरा लांबच ठेवावा, बराच वेळ ठेवावा, सावल्या लांबत जाताना दिसाव्यात, आणि जवळ जायचं ते फक्त एकदाच, त्या रखवालदारासमोर.

आणि इथे कास्टिंगचा खरा कस आहे. बाबासाहेबांच्या भूमिकेचा नट सगळे डोळ्यांत तेल घालून निवडतील. पण हा प्रसंग पेलणारा आहे रखवालदार. मिनिटभराची भूमिका, संवाद शून्य. त्याची रोजी या भाड्यावर, म्हणून त्यानं खोटं नाव चालवून घेतलं. तो दुष्ट नाही, शूरही नाही. लाज वाटतेय आणि काही करता येत नाहीये, हे ज्याच्या चेहऱ्यावर न बोलता उमटेल असा माणूस सापडला तरच तो शेवटचा क्षण उभा राहील. चरित्रपटाची पत मी अशा छोट्या भूमिकांवरून ठरवतो.

नायकच फ्रेममधून नाहीसा केला तर काय होतं, ते ‘गांधी’त आहे. वडिलांकडून गुजराती वंशाचा, सिनेमात तेव्हा फारसा माहीत नसलेला बेन किंग्जली, आणि रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबा, या जोडीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला सुरुवातीची अंत्ययात्रा आठवते. तीन लाखांवर माणसं त्या दृश्यासाठी दिल्लीत जमवली होती. गांधीजी तिथे जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतात ती माणसं. तीन तासांचा सिनेमा पुढे याच प्रश्नाचं उत्तर देत जातो, एवढे लोक का आले?

रंगांबद्दल माझी एक तक्रार आहे. जुना काळ म्हटलं की हल्ली सगळ्या चित्रावर पिवळट, चहाच्या रंगाची छटा ओतायची पद्धत पडलीय. जुने फोटो पिवळे पडले म्हणून जुना काळ पिवळा नव्हता. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याची चित्रं बघा. सयाजीरावांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी काढवून घेतलेली. लाल काय, हिरवा काय, जरीच्या काठावरचा उजेड काय! फाळके, आंबेडकर, महाराज, सगळे याच रंगांत जगले. ज्या सिनेमात पैठणीचा हिरवा हिरवाच राहतो, तिथे मला ती माणसं मेलेली वाटत नाहीत. जुनेपणा दाखवायचाच असेल तर तो कपड्यांत दाखवावा. चांगला वेशभूषाकार नवा सदरा तसाच घालू देत नाही. सदरा पाचसहा वेळा धुतात, चहाच्या पाण्यातून काढतात, कोपर आणि कॉलर घासून विरवतात. कोटाची कोपरं झिजलेली दिसली की हा माणूस टेबलाशी किती वर्षं बसलाय ते कळतं.

भाऊबीज झाल्यावर आत्यानं तो सिनेमा पुन्हा लावायला सांगितला, या वेळी तिच्या एकटीसाठी. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. मधेच एकदा म्हणाली, ‘‘ती सरस्वतीबाई बघ, तो बोलत असला की ती त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या हातांकडे बघते.’’ माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत घेऊन चल म्हणाली. रिक्षानं गेलो. काळ्या घोड्याकडे तिनं मान वर करून पाहिलं, मग आम्ही हळूहळू चालत आत वडापाशी गेलो. ती बुंध्याजवळच्या बाकावर टेकली, काठी शेजारी ठेवली, पदर सारखा केला. मी सवयीनं चारपाच फुटांवर उभा राहून मोबाइल धरला.

‘‘इतक्या जवळून काय काढतोस? मागे जा,’’ ती म्हणाली.

मी दहा पावलं मागे गेलो.

‘‘अजून मागे. झाड येऊ दे सगळं.’’